आधी प्रश्न, मग मार्गदर्शक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा विषय निवडण्याची पूर्ण मोकळीकही दिली. मोकळीक मिळाली की माणूस अधिकच गोंधळतो, याचा अनुभव आम्ही पुढील आठ दिवस घेतला. तो घेता घेता असे ध्यानात आले की, आज येथे ज्यांचा गौरव होत आहे त्यांतील बहुतेकांपुढे हाच पेच उभा आहे. म्हणून विषय कसा निवडावा, हाच आजचा विषय आम्ही ठरविला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी-अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार पदवीला चौथ्या वर्षाची जोड मिळाली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली होते, आणि चार वर्षांच्या किमान १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक एका संशोधन-प्रकल्पास किंवा प्रबंधिकेस दिले जातात. पश्चिम बंगालमधील महाविद्यालयांतही २०२३ साली हा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाचा प्रकल्प तर जुनाच. तात्पर्य, एकेकाळी एम.ए. किंवा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटणारे दोन प्रश्न आता विशीतील मुलामुलींना घरबसल्या भेटू लागले आहेत. ‘विषय कोणता घ्यायचा?’ हा पहिला, आणि ‘कोणी ओळखीचे सर आहेत का?’ हा दुसरा. आपल्या घरांतून हा दुसरा प्रश्न बहुधा आधी विचारला जातो. त्या क्रमाविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

आम्ही प्राध्यापक नव्हे. आमचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे. त्यानंतरचे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीचे हुकूम हाती घेऊन, या राज्यातून त्या राज्यात गेले. तथापि तीस वर्षे एक काम आम्ही अखंड केले आहे, ते म्हणजे इतरांचे प्रस्ताव वाचणे. फाईल उघडावी, दोन पाने वाचावीत आणि लिहिणाऱ्यास नेमके काय हवे आहे तेच कळू नये, असे प्रसंग आमच्या टेबलावर रोज येतात. असे प्रस्ताव नामंजूर होत नाहीत. ते ‘अधिक खुलासा करावा’ अशा शेऱ्यासह परत जातात आणि वर्ष निघून जाते. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचेही असेच होते. परंतु सरकारच्या हाती पुढचे वर्ष असते; विद्यार्थ्याच्या हाती दोन सत्रे, त्यांतही सुट्ट्या, परीक्षा आणि पूजेचे दिवस वजा जाता जेमतेम सात-आठ महिने असतात.

आमच्या परिचयातील एका घराची गोष्ट सांगतो. मुलगी हुशार. वडिलांनी कोणाकोणाच्या ओळखी काढून एक मोठे नाव असलेले मार्गदर्शक मिळविले. मुलीने विषय विचारला. मार्गदर्शकांनी स्वतःच्या चालू कामातील एक तुकडा काढून दिला. वर्षभर तिने आकडे भरले, तक्ते केले, प्रत वेळेवर दिली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे तुम्हांला का जाणून घ्यायचे होते?’ तिला उत्तर देता आले नाही. देणार तरी कसे? जाणून घ्यावयाचे तिला नव्हतेच. दुसऱ्या कोणाला होते. तिला गुण बरे मिळाले. परंतु त्या वर्षानंतर संशोधन हा शब्दच तिने टाकून दिला. याचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे: आधी स्वतःचा प्रश्न शोधा, आणि तो हाती घेऊन मार्गदर्शकाकडे जा. रिकाम्या हाती जाणाऱ्यास दुसऱ्याचे ओझे मिळते.

आता प्रश्न शोधावयाचा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. ते आपल्या घरांतलेच घेतो.

आपल्यापैकी एखाद्या विद्यार्थिनीने समजा सांगितले, ‘माझा विषय मराठे आणि बंगाल.’ ऐकावयास भारदस्त आहे. परंतु यावर एक जन्म पुरणार नाही. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून आल्या. १७४४ साली अलिवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांस भेटीस बोलावून मारविले. १७५१ च्या तहाने बंगालने वर्षाकाठी बारा लाख रुपये चौथाई देण्याचे ठरले आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती गेला. या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणला गेला. तोच ‘मराठा डिच’. तो पुढे बुजविला गेला, पण बागबाजारात त्याच्या नावाची गल्ली उरली. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो आपला ‘बारगीर’. त्याचा येथे ‘बर्गी’ झाला, आणि बंगालच्या अंगाईगीतात तो लहान मुलांना भीती घालण्यासाठी आजतागायत येतो.

आपली मुले ते गाणे येथील शाळेत, शेजारच्या घरात ऐकतात आणि संध्याकाळी घरी येऊन शिवछत्रपतींची गोष्ट ऐकतात. दोन्ही गोष्टींतील घोडेस्वार एकाच भाषेत बोलणारे होते हे ज्या दिवशी मुलास उमगते, त्या दिवशी त्याच्या मनात जो प्रश्न उठतो तो कोणत्याही छापील यादीत सापडणार नाही. तो प्रश्न अवघड आहे, थोडासा दुखराही आहे. पण तो त्याचा स्वतःचा आहे.

हा प्रश्न वर्षभरात मावेल इतका लहान कसा करावयाचा? गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य आहे. त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१ चा काळ आहे. १९६५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. या काव्याच्या आरंभी लोकांच्या पापाचे शासन म्हणून मराठ्यांचे येणे सांगितले आहे. पुढे त्याच मराठ्यांच्या अत्याचारांचे वर्णन येते आणि शेवट भास्कर पंडितांच्या वधाने होतो. तेव्हा विद्यार्थिनीने असे विचारावे: ‘या काव्यात कवी संकटाचा दोष कोणाकोणास देतो, आणि तो दोष काव्याच्या कोणत्या टप्प्यावर एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो?’ किंवा असे: ‘पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र या दोन राज्यांतील शालेय इतिहासाच्या अमुक इयत्तेच्या पुस्तकांत या दहा वर्षांविषयी काय सांगितले आहे, आणि काय वगळले आहे?’ पाहा, ‘मराठे आणि बंगाल’ हे केवळ एक क्षेत्र होते. आता त्यास शेवटी प्रश्नचिन्ह आले, हाती धरता येईल असे साधन आले आणि कोठे थांबावयाचे तेही ठरले.

आपला प्रश्न प्रकल्पास योग्य आहे की नाही हे ताडण्यासाठी आम्ही चार कसोट्या सुचवितो.

पहिली कसोटी साधनांची. जे वाचावयाचे, मोजावयाचे किंवा ज्यांना भेटावयाचे, ते या शहरात आपल्या आटोक्यात आहे काय? ‘मिळेल’ या भरवशावर प्रश्न उभा करू नये. विषय नोंदविण्यापूर्वी ते साधन एकदा डोळ्यांनी पाहून यावे. आपण तर भाग्यवान आहोत. आलिपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय येथेच आहे. १९५४ च्या कायद्याने देशातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत तेथे पाठवावयाची असते. त्यामुळे मराठी पुस्तकांसाठी पुण्याची गाडी धरण्यापूर्वी आलिपूरची बस धरून पाहावी. सर जदुनाथ सरकारांचा ग्रंथसंग्रहही तेथेच आहे.

दुसरी कसोटी वेळेची. कामाचे महिने मोजावेत आणि त्यांतील शेवटचे दोन केवळ लेखनासाठी बाजूस ठेवावेत. उरलेल्यात जे बसत नाही ते कापावे. कापताना दुःख होते, पण ते आरंभी झालेले बरे.

तिसरी कसोटी स्वतःच्या तयारीची. ज्या भाषेतील कागद वाचावयाचे ती भाषा येते काय? जे गणित लागेल ते बसले आहे काय? न येणारी एखादी गोष्ट वर्षभरात शिकता येते. तीन शिकता येत नाहीत.

चौथी कसोटी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट आले तरी काम टिकेल काय? ज्या प्रश्नाचे एकच उत्तर आपणांस चालणार आहे, तो प्रश्नच नव्हे. मराठ्यांचा गौरव व्हावा किंवा निंदा व्हावी, एवढ्यासाठी कोणी गंगारामाचे काव्य उघडणार असेल तर त्याने ते उघडू नये.

येथे आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक विशेष गोष्ट सांगावीशी वाटते. आपणांस वाटते की आपली मुले दोन्हीकडून वंचित झाली. तिकडची मराठी पक्की नाही, इकडचे समाजजीवन पूर्ण आपले नाही. परंतु प्रश्न शोधावयास बसले म्हणजे हीच उणीव भांडवल होते. पुण्याच्या विद्यार्थ्यास बंगाली वाचता येत नाही, येथील वर्गमित्रास मराठी वाचता येत नाही. आपल्या मुलीला दोन्ही थोडेफार येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे होऊ देऊ नका.

माळव्यातील सीतामऊ संस्थानचे राजकुमार रघुबीर सिंह यांनी हेच केले. त्यांनी दूरचे साम्राज्य न निवडता माळवाच निवडला, तोही १६९८ ते १७६५ एवढ्याच काळापुरता. त्या प्रबंधावर आग्रा विद्यापीठाने त्यांस डी.लिट्. दिली आणि तो १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक जदुनाथ सरकार बंगालमध्ये, शिष्य माळव्यात. शिकवणी मुख्यतः टपालाने चालली. गुरूची ती पत्रे श्री. रा. टिकेकर यांनी पुढे संपादित केली. मार्गदर्शक त्याच इमारतीत बसला पाहिजे असे नाही, हेही यावरून दिसते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी असे समजू नये की हे सर्व इतिहासवाल्यांसाठी आहे. या शहराचे सांडपाणी पूर्वेकडील पाणथळ भागात जाते. तेथील मच्छीमार ते उथळ तळ्यांत साठवितात. सूर्यप्रकाश आणि शेवाळ यांच्या योगाने ते शुद्ध होते आणि त्यातच मासे वाढतात. हे मच्छीमार पिढ्यान्पिढ्या जाणत होते. राज्य सरकारच्या सेवेतील एक अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात ‘हे पाणी पुढे जाते कोठे आणि त्याचे होते काय?’ असा साधा प्रश्न धरून या व्यवस्थेचा अभ्यास केला. २००२ साली त्या सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्रास रामसर यादीत स्थान मिळाले. ‘जलप्रदूषण’ असा विषय घेणारा विद्यार्थी वर्षाअखेर पुस्तकांतील उतारे जुळवीत बसतो. ‘या दोन तळ्यांत पहाटे आणि दुपारी विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण किती बदलते?’ असे विचारणारा विद्यार्थी पाणी तपासावयास जातो. आणि घोषांच्या उदाहरणात आणखीही एक धडा आहे: त्यांनी ज्यांच्याकडून शिकले ते पदवीधर नव्हते, मासे वाढविणारे लोक होते.

आता मार्गदर्शकाकडे वळू.

प्रश्न हाती आल्यावर मार्गदर्शक कसा मिळतो, याचे एक लखलखीत उदाहरण सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे आहे. तेही घरापासून दूर राहणाऱ्या नोकरदाराचेच चिरंजीव. तामिळ कुटुंब, वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात, जन्म १९१० साली लाहोरचा. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड तेथे आले. चंद्रशेखरांनी त्यांचे पुस्तक आधीच वाचले होते. ते त्यांस जाऊन भेटले, तेव्हा सोमरफेल्डांनी सांगितले की त्या पुस्तकानंतर पदार्थविज्ञान पार बदलले आहे, आणि आपल्या नव्या निबंधाची मुद्रिते वाचावयास दिली. त्या धाग्यावर चंद्रशेखरांनी स्वतः काम केले, एक निबंध लिहिला आणि तो केंब्रिजच्या फाउलर यांस पाठविला. १९२९ साली तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३० साली ते केंब्रिजला गेले आणि तेच फाउलर त्यांचे मार्गदर्शक झाले. वशिला कोणाचा होता? वाचनाचा आणि लिहिलेल्या पानांचा.

प्रत्येक विद्यार्थी चंद्रशेखर होणार नाही, हे आम्हांसही कळते. परंतु त्यांनी ज्या क्रमाने पावले टाकली तो क्रम कोणासही उचलता येईल. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांचे निदान एक लेखन वाचावे. मग एका पानाचे टिपण करावे, एकाच पानाचे. त्यात पाच गोष्टी असाव्यात: प्रश्न काय आहे, तो का विचारावासा वाटला, आजवर काय वाचले, कोणती साधने प्रत्यक्ष पाहिली, आणि नेमके कोठे अडले. शेवटी ‘आपला अर्धा तास मिळावा’ एवढीच विनंती. ‘आपण माझे मार्गदर्शक व्हाल का?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. परंतु आपण प्रकल्पासाठी आलो आहोत हे लपवूही नये. ताकाला जाऊन भांडे लपविण्यात अर्थ नाही. त्या अर्ध्या तासात ते आपल्या टिपणातील दोष दाखवितील. दोष दाखविणारा माणूस कामाचा. केवळ ‘छान आहे’ म्हणून पाठ थोपटणाऱ्यास नमस्कार करून पुढे जावे.

उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र लिहावे. सरकारी नोकरीत आम्ही स्मरणपत्रांवरच जगतो. त्यात मानापमान नाही. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही तर दुसऱ्या दारी जावे. आणि हे पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, भेटीसही स्वतःच जावे. वडील मंडळींनी फार तर पत्ता शोधून द्यावा आणि बस कोठे मिळते ते सांगावे.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या मोठेपणापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. त्यांच्याकडे यंदा किती विद्यार्थी आहेत? दिलेले लिखाण वाचून ते किती दिवसांत परत करतात? आणि मतभेद झाला तर ऐकून घेतात काय? याची उत्तरे त्यांच्या विद्यमान विद्यार्थ्यांकडे मिळतात. ती चहा पाजून मिळवावीत. महाविद्यालयाच्या नियमानुसार कागदोपत्री मार्गदर्शक एक असतील. पण ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, मोडी वाचणारे एखादे आजोबा, प्रयोगशाळेतील जुने सहायक यांच्याकडून शिकण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

एकदा मार्गदर्शक मिळाले की प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी पाच ओळींचे इतिवृत्त लिहावे: काय ठरले, कोणी काय करावयाचे, पुढील भेट केव्हा. त्याची एक प्रत मार्गदर्शकांस पाठवावी. आमच्या नोकरीने आम्हांस शिकविलेली ही एकच कला असेल, पण ती अनेक भांडणे टाळते. ‘तुम्ही असे सांगितले होते’, ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हे संवाद त्या पाच ओळींमुळे उद्भवतच नाहीत.

मार्गदर्शक नेमके देतो काय? उत्तर देत नाही, हे निश्चित. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास समाजशास्त्र शिकण्यासाठी मुंबईस आले. तेथे मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे मार्गदर्शक होते. श्रीनिवासांनी एम.ए.साठी मुंबईचा विषय न घेता म्हैसूरकडील विवाह आणि कुटुंबसंस्था अभ्यासली. ते पुस्तक १९४२ साली निघाले. पुढे कूर्ग लोकांविषयीची आपली सामग्री घेऊन ते ऑक्सफर्डला गेले. तेथे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी तीच सामग्री निराळ्या दृष्टीने पाहावयास लावली, आणि त्यातून त्यांचा १९५२ चा गाजलेला कूर्गवरील ग्रंथ निर्माण झाला. सामग्री श्रीनिवासांची, नजर गुरूने दिली. घुर्ये स्वतःही विलायतेत प्रथम लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले होते. तेथून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे वळले आणि १९२२ साली रिव्हर्स वारल्यावर हॅडन यांच्या हाताखाली त्यांनी काम पुरे केले. प्रश्न स्वतःचा असेल तर मार्गदर्शक बदलला तरी काम बुडत नाही.

आणि मार्गदर्शकाचे मत आणि आपली सामग्री यांत विरोध आला तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्यातीलच एका विदुषीने देऊन ठेवले आहे. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. वडील तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते आणि मुलीचे नाव त्यांनी तेथील नदीवरून ठेवले. म्हणजे परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचीच ही कन्या. घुर्यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या बर्लिनला गेल्या. तेथील मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशास्त्रातील दबदब्याचे नाव. मनुष्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक हा विषय त्यांनी इरावतीबाईंस दिला. युरोपीय लोकांच्या कवट्यांत हा फरक इतरांहून वेगळा दिसेल आणि त्यांच्या श्रेष्ठत्वास आधार मिळेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातील, परतंत्र राष्ट्राची एक तरुण स्त्री. पदवी त्याच मार्गदर्शकाच्या हाती. तरीही मोजमाप जे सांगते तेच त्यांनी लिहिले. १९३० च्या सुमारास त्यांस पदवी मिळाली. १९३३ नंतर जर्मनीत वंशशुद्धीच्या नावाखाली जे घडले, त्यात फिशर यांच्या शास्त्राचा हात होता, हे आज जगास ठाऊक आहे. विद्यार्थी मित्रहो, मार्गदर्शकाविषयी आदर अवश्य बाळगा. परंतु निष्कर्षाच्या पानावर सही आपली असते.

पालकांस एक नम्र विनंती. बाजारात तयार प्रकल्प विकत मिळतात. आता तर संगणकास सांगितले की तो मिनिटभरात शंभर विषयांची यादी देतो आणि म्हणाल तर संपूर्ण प्रबंधिकाही लिहून देतो. २०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आहेत, पण आम्ही नियमांची भीती घालू इच्छीत नाही. भीती दुसरीच आहे. ही दोन सत्रे म्हणजे मुलाच्या आयुष्यातील अशी पहिली वेळ, जेव्हा प्रश्न त्याचा असतो आणि उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. ती वेळ आपण त्याच्यासाठी विकत घेतली, तर प्रत्यक्षात ती त्याच्याकडून काढून घेतली असे होईल.

मंडळासही एक सूचना. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक वही करावी. सभासदांपैकी जो जे जाणतो त्याने ते त्यात लिहावे: कोणी मोडी वाचतो, कोणी हिशेब तपासनीस होता, कोणी रुग्णालयात परिचारिका होती, कोणाच्या घरी आजोबांनी येथे आल्यापासून लिहिलेली पत्रे ट्रंकेत आहेत. पुढे महिन्यातील एका रविवारी दोन तास मंडळाची खोली मुलांसाठी उघडी ठेवावी. मुलांनी आपले एक पानाचे टिपण आणावे, वडिलधाऱ्यांनी ते वाचून शंका विचाराव्यात. विषय मात्र कोणी देऊ नये.

जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पत्रव्यवहार १९०४ साली सुरू झाला. सरदेसाई बडोदे संस्थानाचे नोकरदार, आमच्यासारखेच बी.ए. एकास फारसी कागद ठाऊक, दुसऱ्यास मराठी. प्रत्येकाजवळ प्रश्न होता आणि त्याच्या उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्याच्या घरी होता. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, आणि १९५८ साली जदुनाथ वारले तोपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, हा बंगाली-मराठी स्नेह टिकला. त्यांच्यात गुरू कोण आणि शिष्य कोण, हे ठरविणे कठीण आहे.

आज ज्यांचा गौरव झाला त्या सर्व विद्यार्थ्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. पहिल्या रविवारी येताना टिपणाचे पान अपुरे असले तरी घेऊन यावे. खाडाखोड असली तर अधिकच बरे. आम्ही तेथे असू. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!